मोटार आली की सगळे उतरत

इतकी वर्षे उलटली, तरी ते प्रकरण माझ्या मनातून गेलेले नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडेखोरांच्या मागे रानोमाळ हिंडलो, एकदा दारू प्यालेल्या माणसाच्या कुऱ्हाडीसमोर उभा राहिलो. ते सगळे मी आता चहा पिता पिता सांगू शकतो. पण डोंगरकड्याच्या रस्त्यावरचा तो पूल आठवला की आजही तळहाताला घाम सुटतो. पोलीस अधिकाऱ्याने स्वतःच्या भीतीबद्दल फार बोलू नये असे मानतात. या प्रकरणात मात्र भीती वगळली, तर सांगण्यासारखे काही उरत नाही.

निजामाचे राज्य होते आणि दुसरी मोठी लढाई चालू होती. मी आखाडा बाळापूरच्या ठाण्यावर अमीन होतो. अमीन म्हणजे आजचा फौजदार. हाताखाली एक जमादार आणि सहा जवान. जमादार माझ्या वडिलांच्या वयाचे, दखनी वळणाची मराठी बोलणारे आणि माणसे ओळखण्यात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे. ठाण्याचा एकुलता एक घोडा बरेच दिवस लंगडत होता, म्हणून आमची गस्त दोन सरकारी सायकलींवर चाले.

बाळापूरहून डोंगरकड्याला जाणारा रस्ता त्या वेळी नावापुरताच रस्ता होता. मधोमध एका गाडीच्या रुंदीची खडीची पट्टी, दोन्ही बाजूंना भुसभुशीत माती आणि त्यापलीकडे चर. सायकल त्या पट्टीवरच चाले. मातीत गेली की चाक रुते. साधारण चार मैलांवर ओढ्याचा अरुंद पूल होता. दोन्हीकडून उतार, मध्ये पूल. त्याला कठडे नव्हते, फक्त कडेला पुरलेले दगड होते.

या रस्त्यावर एकच मोटार धावे. सकाळी डोंगरकड्याहून बाळापूरला यायची आणि तिसऱ्या प्रहरी परत जायची. पेट्रोल मिळत नव्हते म्हणून तिच्या मागच्या बाजूला कोळशाची उंच टाकी बसवली होती. त्या कोळशाच्या गॅसवर इंजिन चाले आणि त्याची ताकद निम्मीच असे. उतारावर मिळालेल्या वेगावर पुढचा चढ काढायचा, हा ड्रायव्हरचा हिशेब. वेग कमी झाला की मोटार चढावर थांबे आणि उतारूंना खाली उतरून ढकलावे लागे. त्यामुळे पुलाकडच्या उतारावर ती कोणासाठी हळू होत नसे.

लोकांनी हे मुकाट्याने मान्य केले होते. दुरून घरघर ऐकू आली की सायकलवाला खाली उतरे, सायकल चरात ओढे आणि धुरळा खाली बसेपर्यंत तोंडावर धोतराचा सोगा धरून उभा राही. शाळेचे मास्तर मोटारीच्या वेळेला सायकल हातात धरून चालतच जात. टपाल नेणाऱ्याचा हात मोडला तेव्हा तो सायकलवरून तोल जाऊन पडला, अशी नोंद मी स्वतः रोजनाम्यात केली होती. जागेवर गेलो नव्हतो. रस्त्यावर भांडण नव्हते, कोणाची तक्रार नव्हती, तेव्हा सगळे ठीक चालले आहे असे मी समजत होतो.

तक्रार आली ती एका देवी टोचणाऱ्याची. गावोगाव हिंडून लेकरांना देवीची लस टोचणारा हा सरकारी माणूस चाळिशीतला, सडपातळ, स्वच्छ टोपीचा होता. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत. त्या वर्षी देवीची साथ होती. लशीच्या काचेच्या नळ्यांची लाकडी पेटी सायकलीला मागे बांधून ते रोज दहा-बारा मैल फिरत. ठाण्यात येऊन त्यांनी शांतपणे सांगितले की आदल्या दिवशी मोटारीमुळे घाईने चरात उतरावे लागले आणि पेटीतल्या सगळ्या नळ्या फुटल्या. एका वाडीतली लेकरे तशीच राहिली. नवी लस यायला आठ दिवस लागणार होते.

त्यांचे म्हणणे एवढेच होते की ड्रायव्हरला समज द्यावी. पुलाच्या अलीकडे त्याने भोंगा वाजवावा आणि पुलावर कोणी असेल तर थांबावे.

मी त्यांना काय उत्तर दिले ते मला अक्षरन् अक्षर आठवते. मी म्हणालो, "अहो, एवढी मोठी मोटार ती, ती काय बाजूला होणार? तुम्हीच जरा आधी उतरत जा."

ते नमस्कार करून गेले.

त्यानंतर दहाव्या दिवशी सकाळी एक गाडीवान बैल पळवतच ठाण्यात आला. पुलाखाली ओढ्यात देवी डॉक्टर पडले आहेत, म्हणाला. आम्ही पोहोचलो तेव्हा ते जिवंत होते, पण शुद्ध नव्हती. डोके दगडावर आपटले होते. त्याच बैलगाडीत पेंढा घालून त्यांना दवाखान्याकडे रवाना केले आणि पंच बोलावून मी पंचनाम्याला बसलो.

सायकल पुलाच्या कडेच्या दगडात अडकली होती. पुढचे चाक धड होते, मागचे दुमडून गेले होते. म्हणजे धडक मागून बसली होती. खडीवर मोटारीच्या चाकांची खूण सरळ रेघ ओढल्यासारखी पुलावरून पलीकडे गेली होती. कुठे वळल्याची खूण नाही, ब्रेक दाबल्याची नाही. मोटार त्यांना उडवून तशीच पुढे चढ चढून गेली होती. जमादार त्या खुणेच्या टोकापर्यंत चालत जाऊन आले आणि म्हणाले, "साहेब, हे बराबर न्हाई. थांबायचं मनातच न्हाई आलं ह्याच्या."

ड्रायव्हरला त्याच दिवशी ठाण्यात आणले. तिशीचा, खांद्याने रुंद, डोळे कोळशाच्या धुराने कायम लाल. त्याने सरळ कानावर हात ठेवले. आपण कोणाला पाहिले नाही, कोणी आडवे आले नाही, मडगार्डवरचा ओरखडा बाभळीचा आहे, हेच तो तीन तास सांगत राहिला. टाकीत कोळसा घालणारा क्लीनर मागे उभा असतो. त्याला धूर आणि धुरळा सोडून काही दिसले नाही म्हणे. उतारूंचेही तेच. मोटारीचा मालक आला, अदबीने बोलला आणि जामीन देऊन दोघांना घेऊन गेला. माझ्याजवळ डोळ्यांनी पाहिलेला एकही साक्षीदार नव्हता. दुसऱ्या दिवशी मोटार पुन्हा रस्त्यावर आली.

चौथ्या दिवशी देवी डॉक्टर वारले. शुद्धीवर आलेच नाहीत.

त्यानंतरचे दिवस विचित्र होते. रस्ता ओस पडला. सायकली दिसेनाशा झाल्या. आयाबाया लेकरांना रस्त्यापलीकडच्या विहिरीवर पाठवेनात. मी गस्तीवर निघालो की शेतातली माणसे काम थांबवून बघत आणि मी जवळ गेलो की पाठ फिरवत. एकदा त्या पुलावर असताना दूर कुठेतरी पिठाच्या गिरणीचे इंजिन सुरू झाले. मोटार समजून मी सायकलवरून उडी टाकली. आसपास कोणी नव्हते, तरी मला लाज वाटली. ती लाज लवकर गेली. भीती गेली नाही. झोपतानाही कानात घरघर येई.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी ठाण्यात कागद चाळत बसलो होतो. जमादार एका म्हातारीला आत घेऊन आले. मेंढरे-शेरडे राखणारे तिचे घर, वस्ती पुलापासून अर्ध्या मैलावर. पहाटेच दोन बकरे घेऊन ती बाजाराला आली होती. तिला बसायला सांगितले तर बसेना. पहाऱ्यावरच्या जवानाला बाहेर पाठवा म्हणाली. तो गेला तेव्हा तिने पदर दातात धरला आणि खालच्या आवाजात सांगू लागली.

"साहेब, पुलापाशी दोर बांधून राहिले. विहिरीच्या मोटेचा नाडा, जाडजूड. आज मोटार पाडणार हायेत."

"कोण?"

"सहा-सात जण हायेत." मग थांबून म्हणाली, "माझं पोरगं हाय त्याच्यात."

मी विचारले की हे तुला माहीत होते तर काल का सांगितले नाहीस. ती म्हणाली की रात्री ऐकले, पण तोंड उघडायचा धीर झाला नाही. देवी डॉक्टरने तिच्या नातवंडांना टोचले होते; पोराचा राग तिला कळत होता.

"मग आज काहून सांगायला आलीस?"

"आत्ता बाजारात लेकीच्या गावचा मानूस भेटला. माझी लेक त्याच मोटारीनं येऊन राहिली म्हनं, तान्हं घेऊन. पोराला ठाव न्हाई. चार मैल पळून मी काय पोचत न्हाई, साहेब." तिने माझ्या टेबलाची कड घट्ट धरली. "माझं नाव कोनाला सांगू नका. तेवढं करा."

बाजाराच्या दिवशी त्या मोटारीत चाळीसएक माणसे कोंबलेली असत. उताराच्या वेगात तो दोर ड्रायव्हरला लागला, तर मोटार थेट ओढ्यात जाणार होती, आणि मागे पेटलेल्या कोळशाची टाकी. मी घड्याळ पाहिले. डोंगरकड्याहून मोटार निघायला अर्धा-पाऊण तास होता, वेळेवर निघाली तर. आम्ही दोघांनी सायकली काढल्या.

ते चार मैल मी कसे कापले ते मला सांगता येणार नाही. जमादारांना लागलेली धाप मागून ऐकू येत होती. मी त्यांना मागे राहा म्हणालो नाही, ते राहिलेही नसते.

पुलाच्या अलीकडे, बाळापूरच्या बाजूला, रस्त्याच्या दोन कडांना एक लिंब आणि एक बाभूळ होती. दोर त्यांनाच बांधला होता, ड्रायव्हरच्या छातीच्या उंचीवर, ताणून. आमची खाकी दिसताच बाजूच्या तुरीत खसखस झाली आणि माणसे पळाल्याचा आवाज आला. पळताना कोणाची तरी कुऱ्हाड बाभळीच्या बुडाशी राहिली. जमादारांनी ती उचलली आणि दोरावर घाव घालायला सुरुवात केली. ओला, पिळाचा नाडा तो, कुऱ्हाड नुसती उसळत होती.

तेवढ्यात मोटारीची घरघर ऐकू आली.

मी सायकल पुढे काढली आणि पुलावर गेलो. पलीकडच्या उतारावर जाऊन तिला दुरूनच थांबवावे असा विचार होता. पण पुलाच्या मध्यावर असतानाच ती माथ्यावर दिसली आणि खाली येऊ लागली. मी उतरून सायकल रस्त्यावर आडवी धरली आणि एक हात वर केला. अंगावर गणवेश होता, डोक्यावर साफा होता, ऊन माझ्या तोंडावर होते. मी तिला दिसत होतो यात शंका नव्हती. मला तर काचेमागचा ड्रायव्हरचा चेहराही दिसत होता.

मोटार हळू झाली नाही.

आजवर मी या क्षणाबद्दल कोणाला खरे सांगितलेले नाही. कागदोपत्री मी मोटार अडवली असे आहे. खरे असे की मी ओरडलो, मग माझा हात आपोआप खाली आला, आणि मोटार वीस-पंचवीस पावलांवर असताना मी सायकल टाकून पुलावरून खाली उडी मारली. मोटारीत चाळीस माणसांचा जीव होता, एक तान्हे मूल होते, हे सगळे मला माहीत होते. तरी मी उडी मारली. ओढ्यातल्या चिखलात गुडघे टेकून पडलो आणि डोक्यावरून लोखंड चिरडल्याचा आवाज गेला.

आडवी पडलेली माझी सायकल मोटारीच्या पुढच्या आसात अडकली. खडीवर ती घासत ओढली गेली, ठिणग्या उडाल्या, इंजिन आचके देऊन बंद पडले. पूल ओलांडून मोटार थांबली तेव्हा लिंबाचे झाड दहा पावलांवर होते. दोर त्याच्याखाली तुटून पडला होता आणि जमादार कुऱ्हाड हातात धरून रस्त्यातच बसले होते.

मी वर आलो. उतारू एकमेकांवरून खाली उतरत होते. एक तरुण बाई लेकरू छातीशी धरून रस्त्याच्या कडेला उभी होती. लेकरू रडत होते. ड्रायव्हर अजून जागेवरच होता. मी त्याचे दार उघडले.

"मी दिसलो होतो का तुला?"

"दिसले, साहेब."

"मग?"

त्याने तोंडावरची काजळी बाहीने पुसली. मग म्हणाला, "वाटलं, उतरताल. सगळेच उतरतेत."

माझ्या तपासाला वाट सापडली ती या एका वाक्यात. तीन तास उलटसुलट विचारून जे बाहेर आले नव्हते, ते भेदरलेल्या माणसाच्या तोंडून आपोआप निघाले होते. ठाण्यात नेल्यावर मी त्याला आणि क्लीनरला वेगवेगळे बसवले. क्लीनरला एवढेच विचारले की देवी डॉक्टर पडले त्या दिवशी पुलावर काय झाले. त्याने डोके गुडघ्यात घातले आणि सांगितले की त्याने ओरडून ड्रायव्हरला सावध केले होते.

मग ड्रायव्हरला पाणी दिले. त्याने ते दोन्ही हातांनी प्यायले. या वेळी मी दरडावले नाही. शांतपणे विचारत गेलो आणि तो सांगत गेला. उतारावरून त्याला देवी डॉक्टर दिसले होते, ते पुलावर चढायच्या आधीपासून. ते अलीकडेच उतरून उभे राहतील असे तो धरून चालला. ते उतरले नाहीत. एकदा मागे वळून त्यांनी बघितलेसुद्धा, आणि एक हात मागच्या पेटीवर ठेवून पायडल मारत राहिले. भोंग्याचा रबरी फुगा महिनाभर फाटलेला होता. ब्रेक दाबला असता तर मोटार चढ चढली नसती, उतारूंनी शिव्या दिल्या असत्या, मालकाने काढून टाकले असते. एवढा विचार होईतो पूल आला.

"मारायचं मनात नव्हतं, साहेब. थांबलो न्हाई, एवढंच झालं."

मी कागदावरून मान वर केली नाही. तो पुढे म्हणाला, आणि त्यात उलट बोलण्याचा भाव नव्हता, तो खरेच समजून घ्यायला बघत होता, "तुमीबी त्येंला तेच सांगितलं होतं म्हनं. उतरत जा म्हनून. साऱ्या रस्त्याला ठाव हाय."

मी ते वाक्यही जबानीत लिहून घेतले. उर्दूत लिहिलेली जबानी त्याला मराठीत वाचून दाखवली आणि त्याचा अंगठा घेतला. वरच्या साहेबांनी पुढे ते वाक्य वाचून मला बोलावले आणि हे कशाला लिहिले, असे विचारले. बोलला म्हणून लिहिले, असे मी सांगितले.

खटला चालला. ड्रायव्हरला कैद झाली आणि त्याचा परवाना गेला. भोंगा दुरुस्त होऊन ब्रेकची तपासणी होईपर्यंत मालकाची मोटार बंद राहिली. दोराचे प्रकरण मी वाढवले नाही. तुटलेला नाडा मालखान्यात बेवारस म्हणून जमा केला. दुसऱ्या दिवशी एक तरुण ठाण्याच्या ओट्यावर येऊन बसला. बहीण घरी पोहोचल्यावर त्याला कळले होते की ती कोणत्या मोटारीतून आली. तो दुपारपर्यंत हात एकमेकांत घट्ट गुंतवून बसून होता. मी त्याला काही विचारले नाही. उठताना त्याने माझ्या पायाला हात लावला. कायद्याने मी चुकलो असेन. त्याच्या आईचे नाव मी कधी कोणाला सांगितले नाही. आज ती हयात नाही, तरी गाव लिहीत नाही.

पुढच्या बाजाराला मी चावडीवर मोटारमालक, नवा ड्रायव्हर, गाडीवान आणि सायकलवाले यांना एकत्र बसवले. ठरवले ते फार साधे होते. मोटारीने उताराच्या माथ्यावर थांबायचे, भोंगा वाजवायचा आणि पूल मोकळा दिसला तरच खाली यायचे. सायकलवाल्याने डाव्या कडेने जायचे आणि पुलावर रेंगाळायचे नाही. आधी जो पुलावर चढला, पूल त्याचा. मोटार चढावर थांबली तर उतारूंनी ढकलायची. मालकाने थोडी कुरकुर केली. पुढचे सहा महिने मी एका जवानाला मोटारीच्या वेळी तिथे उभा केला. सायकली परत दिसायला लागल्या, पण हळूहळू. मास्तर मात्र चालतच जात राहिले.

पुढे राज्य बदलले, माझ्या बदल्या होत गेल्या. माझ्या हाताखालच्या तरुण फौजदारांना मी एक गोष्ट नेहमी सांगत असे. घाबरलेला माणूस ठाण्यात येत नाही, तो वाट सोडतो. सगळ्यांनीच वाट सोडली की कागदावर शांतता दिसते आणि आपण ती आपली कामगिरी समजतो. मी तशी समजलो होतो, आणि ज्या एका माणसाने वाट सोडायची नाही असे ठरवले, त्याला मी आधीच एकटे पाडले होते. मी स्वतः पुलावरून उडी मारली नसती, तर हे मला पुस्तकातून कोणी शिकवू शकले नसते.

म्हणून नव्या ठाण्यावर रुजू झालो की पहिल्या आठवड्यात मी एकटा, साध्या कपड्यांत, सायकलवर तिथल्या मोठ्या रस्त्याने जात असे. कोणाशी बोलत नसे. लोक कोणत्या जागी सायकलवरून उतरतात, तेवढे बघत असे. आणि माझा तपास त्या जागेपासून सुरू होई.